पंख्याला घरघर लागते तेव्हा

मराठीत 'घरघर लागली' असे म्हटले की पुढचे काही सांगावे लागत नाही. संगणक दुरुस्त करणारी माणसेही हाच शब्द वापरतात. कॅबिनेटजवळ कान नेतात आणि म्हणतात, "एसएमपीएसच्या पंख्याला घरघर लागलीय, फार दिवस काढायचा नाही." हा शब्द मला अगदी नेमका वाटतो. तो आवाज खरोखरच झिजत चाललेल्या वस्तूचा असतो, आणि वेळीच ऐकला तर पुढचे मोठे नुकसान टळते.

मी तो ऐकला होता, पण मनावर घेतला नाही. पुण्यात घरी बसून मी पुस्तकांच्या आणि दिवाळी अंकांच्या पानांची मांडणी करतो. टेबलाखालचा संगणक दिवसाचे दहा तास चालतो. एका जानेवारीत सकाळी तो सुरू केला की पहिली पाच मिनिटे जात्यावर भरड दळल्यासारखा आवाज यायचा आणि मग विरून जायचा. थंडी सरली तसा तो कमी झाला. एप्रिलच्या मध्यावर तर पूर्ण थांबला. खोली इतकी शांत झाली की मला बरेच वाटले. तिसऱ्या दिवशी दुपारी खोलीत जळका वास सुटला आणि पडदा काळा पडला. मेकॅनिकने एसएमपीएस उघडून दाखवला. पंखा जाम झाला होता आणि आतल्या दोन कॅपॅसिटरची टोपणे फुगून वर आली होती. मला सुखावणारी ती शांतता पंखा थांबल्याची होती. काही शे रुपयांच्या पंख्यावर जे निभावले असते, त्यासाठी अख्खा एसएमपीएस बदलावा लागला. तेव्हापासून या पंख्याबद्दल मिळेल ते वाचत आलो, दुरुस्ती करणाऱ्यांना विचारत आलो. त्यातले कामाचे ते इथे सांगतो.

एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटच्या मागच्या कोपऱ्यातला तो पत्र्याचा डबा. भिंतीतून आलेली २३० व्होल्टची एसी वीज घ्यायची आणि मदरबोर्ड, हार्ड डिस्क, ग्राफिक्स कार्ड यांना लागणारी १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी वीज त्यांना पुरवायची, हे त्याचे काम. त्यासाठी तो आलेल्या विजेची आधी डीसी करतो, मग सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून छोट्याशा ट्रान्सफॉर्मरमधून काढतो आणि पुन्हा सरळ करतो. या प्रत्येक टप्प्यावर थोडी वीज वाया जाते आणि तिची उष्णता होते.

ही उष्णता किती, याचा हिशेब घरच्या घरी करता येतो. समजा संगणकाला ३०० वॉट हवेत. एसएमपीएसची कार्यक्षमता ७० टक्के असेल तर तो भिंतीतून जवळजवळ ४२८ वॉट ओढतो आणि वरचे १२८ वॉट त्या डब्यातच उष्णता बनून राहतात. पूर्वी घराघरांत असलेले ६० वॉटचे दोन पिवळे बल्ब एका डब्यात कोंडून ठेवावेत, तेवढी ही उष्णता. कार्यक्षमता ९० टक्के असेल तर तोच आकडा ३३ वॉटवर येतो. म्हणजे एकाच कामासाठी एका डब्यातल्या पंख्याला दुसऱ्याच्या जवळजवळ चौपट उष्णता बाहेर काढावी लागते. आवाजाची अर्धी कथा इथेच ठरते, आणि पंख्याला दोष देण्याआधी हे लक्षात घ्यायला हवे.

पंख्याशिवाय चालणार नाही का, हा प्रश्न जुना आहे. १९७७ च्या ॲपल टू या संगणकात पंखा नव्हता. स्टीव्ह जॉब्ज यांना पंख्याचा आवाज नको होता, म्हणून रॉड होल्ट यांनी त्यासाठी कमी तापणारा स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा बनवला. त्या संगणकाची भूक थोडी होती, म्हणून ते साधले. १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला तो ६३.५ वॉटचा वीजपुरवठा आणि पंखा घेऊनच. पुढे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड तापत गेले तशी पंख्यापासून सुटका उरली नाही. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हा आराखडा आणला आणि एसएमपीएसच्या डब्याचे माप ठरून गेले. सुरुवातीला त्यात मागच्या बाजूला ८० मिलिमीटरचा छोटा पंखा असे. पुढे डब्याच्या रुंद बाजूवर १२० मिलिमीटरचा मोठा पंखा आला.

हा बदल आवाजासाठी फार मोलाचा होता. पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट वाहते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने चढतो. आपल्या कानाला १० डेसिबलची वाढ साधारण दुप्पट मोठी वाटते, तेव्हा १५ म्हणजे किती ते कळेल. मोठ्या पात्यांचा पंखा सावकाश फिरूनही तेवढीच हवा हलवतो, म्हणून तो शांत असतो. लहान पंख्याला धावावे लागते, म्हणून तो ओरडतो.

या मोठ्या पंख्याबरोबर एक अडचणही आली. जुना ८० मिलिमीटरचा पंखा भिंतीतल्या एक्झॉस्टसारखा उभा बसायचा. नवा पंखा छताच्या पंख्यासारखा आडवा बसतो. स्वस्त पंख्यात बेअरिंग म्हणून बुश असते, म्हणजे तेल मुरवलेल्या सच्छिद्र धातूची छोटी नळी, आणि तिच्यात फिरणारी पोलादी दांडी. बुशला उभे बसणे मानवते. आडवे बसवले आणि वरून उष्णता दिली की त्यातले तेल लवकर सुकते किंवा कडेने निघून जाते. तेल गेले की धातू धातूवर घासतो. मिनिटाला १२०० फेरे घेणारा पंखा दहा तासांत ७ लाख २० हजार वेळा फिरतो आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर २१ कोटी ६० लाख वेळा. हे सगळे तेलाच्या दोन-चार थेंबांच्या भरवशावर चाललेले असते.

सकाळी घरघर होऊन नंतर थांबते, त्याचेही कारण हेच. उरलेसुरले तेल थंडीत घट्ट झालेले असते. पंखा गरम झाला की ते पातळ होऊन पसरते आणि आवाज जातो. आवाज गेला म्हणजे पंखा बरा झाला असे मात्र नाही. दर सकाळी ही पाच मिनिटे वाढत जातात, हीच खरी खूण.

बॉल बेअरिंगचा पंखा उष्णता जास्त सोसतो आणि आडवा बसला तरी टिकतो. तो झिजला की आधी बारीक किरकिर, मग कर्कश कुरकुर करत जातो, आणि ती करत करत बरेच दिवस चालतो. तिसरा प्रकार द्रव बेअरिंगचा. त्यात दांडी तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरते आणि ते तेल बाहेर जाऊ नये अशी रचना असते. आजच्या हार्ड डिस्कमध्ये हीच कल्पना वापरतात. शांतता आणि आयुष्य दोन्ही हवे असेल तर मी या तिसऱ्या प्रकाराला कौल देतो.

आता दुखणे ओळखण्याकडे वळू. आपल्या भाषेत आवाजांचे शब्द इतके आहेत की आपण जो शब्द सहज वापरतो तोच बहुतेक वेळा निदान सांगतो. 'घरघर' किंवा 'खरखर' म्हणजे बेअरिंग. 'टकटक' किंवा 'टिकटिक' म्हणजे पात्याला काहीतरी लागते आहे. एखादी सुटलेली वायर असेल, जाळीतून आत आलेला कागदाचा कपटा असेल. काही एसएमपीएसमध्ये पंख्याच्या एका भागावर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा लावलेला असतो, तोही वाकून पात्याला घासू शकतो आणि मग 'टरटर' ऐकू येते. (हा तुकडा निरुपयोगी समजून काढून टाकणारे पुष्कळ भेटतात. आलेली हवा लगेच मागच्या जाळीतून निसटू नये, डब्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत जावी, म्हणून तो लावलेला असतो. तो काढू नये.) 'भणभण' म्हणजे बहुधा कॅबिनेटचा पातळ पत्रा थरथरतो आहे. डब्याचे चार स्क्रू आवळून पाहा. कॅबिनेटवर हात दाबल्यावर आवाज बदलला तर पंखा निर्दोष आहे. 'सूंऽऽ' असा एकसारखा वाऱ्याचा आवाज म्हणजे पंखा ठीक आहे पण त्याला जोरात धावावे लागते आहे. डब्यात उष्णता मोजणारा थर्मिस्टर असतो, तो पंख्याचा वेग वाढवतो. इथे पंखा बदलून काही होत नाही. उष्णतेचे मूळ शोधावे लागते.

राहिली 'चीं' किंवा 'किणकिण' अशी बारीक शीळ. पानावर खालीवर सरकताना किंवा खेळ सुरू केल्यावर ती बदलते. ही पंख्याची नसून आतल्या तांब्याच्या वेटोळ्यांच्या थरथरीची असते. पंख्याचा आणि तिचा फरक ओळखायला एक सोपी परीक्षा आहे. संगणक बंद करा आणि कान द्या. वीज तुटताच शीळ एका क्षणात तुटते. पंख्याचा आवाज मात्र पाते थांबेपर्यंत उतरत उतरत जातो.

आवाज एसएमपीएसचाच आहे ना, हेही आधी पक्के करायला हवे. कॅबिनेटमध्ये प्रोसेसरचा पंखा असतो, मागे-पुढे आणखी पंखे असतात, ग्राफिक्स कार्डावर एक-दोन असतात, आणि जुनी हार्ड डिस्कही खरखरते. वर्तमानपत्राची लांब सुरळी करा, एक टोक कानाला लावा आणि दुसरे प्रत्येक संशयिताच्या जवळ, पात्यांपासून चार बोटे दूर धरा. डॉक्टरच्या नळीसारखे काम होते. पंखा फिरतो की नाही हे पाहायला पतंगाच्या कागदाची पट्टी मागच्या जाळीसमोर धरावी. ती बाहेर फडफडली पाहिजे. काही चांगल्या एसएमपीएसमध्ये भार कमी असताना पंखा मुद्दाम थांबवलेला असतो, तेव्हा पट्टी हलली नाही तर थोडे जड काम चालवून पुन्हा पाहा. एसएमपीएसच्या जाळीतून पेन्सिल, स्क्रूड्रायव्हर किंवा सळई घालून पंखा थांबवून पाहणारे लोक मी पाहिले आहेत. हे कधीही करू नका.

आपल्याकडे धूळ हा या सगळ्याचा सर्वांत मोठा वाटेकरी आहे. कॅबिनेट जमिनीवर, शेजारून केरसुणी फिरते, रस्त्याची धूळ खिडकीतून येते. धूळ आणि बारीक तंतू मिळून जाळीवर आणि हीटसिंकच्या पट्ट्यांवर लोकरीसारखा थर बसतो. हवा अडते, डबा तापतो, पंखा धावतो, आणि धावणारा पंखा आणखी धूळ ओढतो. पात्यांवर धूळ कमी-जास्त बसली तर तोल जातो आणि बेअरिंग लवकर झिजते. किनारपट्टीवर दमट खारी हवा या धुळीचा चिखलासारखा लेप करते. विदर्भात आणि खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा पंखा जी हवा आत घेतो तीच तापलेली असते. कॅबिनेटमध्ये झुरळे आणि मुंग्या वस्तीला येतात हेही दुरुस्ती करणारा कुणीही सांगेल.

सफाई डबा न उघडता करता येते, आणि बहुतेक घरांत तेवढ्याने आवाज निम्म्यावर येतो. संगणक बंद करा, मागचे बटण बंद करा, प्लग उपसून काढा आणि कॅबिनेट गॅलरीत न्या. नाकातोंडावर रुमाल बांधा. ब्लोअरने आधी मागच्या जाळीतून आणि मग पंख्याच्या बाजूने झटके द्या. पात्यांवर सरळ झोत सोडून पंखा भिरभिरवू नका, मर्यादेपलीकडे फिरला की बेअरिंगला इजा होते. झोत तिरका आणि तुटक द्या. ओले फडके, फवारा, फिनेल यांना इथे जागा नाही. दिवाळीच्या आवराआवरीत हे एकदा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर, मार्चमध्ये, एकदा केले तर वर्ष निभते. कॅबिनेटमध्ये एसएमपीएस तळाशी असेल आणि पंखा खाली तोंड करून असेल, तर कॅबिनेट सतरंजीवर ठेवू नका. दोन विटांवर किंवा पाटावर ठेवा आणि खालची जाळी मोकळी राहू द्या.

यापुढे डबा उघडण्याचा प्रश्न येतो, आणि इथे मी स्पष्ट बोलणार आहे. आत भिंतीतली वीज सरळ करून साठवणारा मोठा कॅपॅसिटर असतो, दुकानात त्याला कंडेन्सर म्हणतात. २३० व्होल्ट सरळ केल्यावर त्याच्यावर सुमारे ३२५ व्होल्ट चढतात, आणि पॉवर फॅक्टर सुधारणारा भाग असलेल्या एसएमपीएसमध्ये ३८० च्या वर. प्लग काढल्यावरही हा साठा काही काळ राहतो. तो उतरवण्यासाठी बहुधा रेझिस्टर लावलेला असतो, पण तो खराब असेल तर बाहेरून कळायला मार्ग नाही. असा झटका जीवघेणा ठरू शकतो. ज्याला मल्टिमीटर लावून हा साठा तपासता आणि सुरक्षित उतरवता येतो, त्यानेच डबा उघडावा. बाकीच्यांनी एसएमपीएस काढून जाणकाराकडे न्यावा. घरी डबा उघडून पंखा बदलण्याची कृती सांगणारे पुष्कळ आहेत, मी ती सांगणार नाही. शिवाय वॉरंटी शिल्लक असेल तर सील तोडताच ती जाते.

जाणकाराकडे नेल्यावर काय करून घ्यायचे, हे मात्र आपल्याला माहीत असावे. पहिला पर्याय तेलाचा. पंख्याच्या मागचा गोल स्टिकर उचलून, खाली रबरी बूच असेल तर तेही काढून, बुशमध्ये शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडतात. झीज फार झालेली नसेल तर पंखा काही महिने शांत चालतो. खोबरेल तेल घालणारे भेटतात, त्यांना नम्रपणे थांबवा. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठते. पुण्याच्या थंडीत बाटलीत जे होते तेच बुशमध्ये होते, आणि उन्हाळ्यात त्याचा चिकट थर होतो. गंज सोडवणारा स्प्रेही नको. तो उरलेले तेल विरघळवून टाकतो, चार दिवस शांत वाटते आणि मग घरघर दुपटीने परतते. तेल हा माझ्या मते फक्त वेळ मिळवण्याचा उपाय आहे.

दुसरा पर्याय पंखा बदलण्याचा, आणि एसएमपीएस चांगल्या प्रतीचा असेल तर तोच योग्य. जुन्या पंख्यावरचा स्टिकर वाचून घ्या. माप, जाडी, १२ व्होल्ट आणि अँपिअर. नवा पंखा तेवढीच हवा देणारा हवा. शांत म्हणून अगदी मंद पंखा बसवला तर आवाज जातो आणि डबा भाजत राहतो. शिवाय एसएमपीएस सुरुवातीला पंख्याला १२ पेक्षा कमी व्होल्ट देतो, तेवढ्यावर नवा पंखा फिरायला लागतो का हे दुकानात बसून बघा. हवेची दिशाही तीच राहिली पाहिजे. रुंद बाजूचा १२० मिलिमीटरचा पंखा हवा डब्यात ढकलतो, मागचा ८० मिलिमीटरचा बाहेर ओढतो. वायरमध्ये रेझिस्टर घालून पंख्याचा वेग उतरवून देणारे कारागीर असतात. त्याला नकार द्या. आतल्या कॅपॅसिटरचे आयुष्य तापमानावर अवलंबून असते, आणि १० अंश वाढले की ते साधारण निम्मे होते असा ठोकताळा आहे. माझ्या संगणकात तीन दिवसांत जे झाले ते पंखा पूर्ण थांबल्यामुळे. मंद पंख्याने तेच काही महिन्यांत होते.

एसएमपीएस हलक्या प्रतीचा असेल, पाच-सहा वर्षे झाली असतील, तर नव्या पंख्यावर खर्च करण्यापेक्षा तो बदलावा. खरेदीला पुण्यात तापकीर गल्लीत जा किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला, खोक्यावरचा मोठा वॉटचा आकडा बाजूला ठेवून डब्यावरच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते पाहा. त्याला १२ ने गुणा. ५०० वॉट म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावर १२ व्होल्टला २० अँपिअरच असतील, तर संगणकाचे मुख्य भाग ज्यावर चालतात ते खरे वॉट २४० आहेत. २००४ पासून '८० प्लस' नावाचे कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र दिले जाते. त्यातल्या गोल्ड श्रेणीला ११५ व्होल्टच्या चाचणीत अर्ध्या भारावर ९० टक्के कार्यक्षमता दाखवावी लागते. कमी उष्णता, म्हणून सावकाश पंखा, म्हणून शांत खोली. पंख्याच्या बेअरिंगचा प्रकारही विचारा. सांगता येत नसेल तर बुश आहे असे धरून चाला.

गावोगावच्या डीटीपीच्या दुकानांत, सेवा केंद्रांत, शाळांच्या संगणक कक्षांत असे कितीतरी पंखे आज घरघरत आहेत, आणि त्यांच्याशेजारी दिवसभर बसणाऱ्यांचे कान त्या आवाजाला सरावले आहेत. तुमचा संगणक त्यांतला असेल तर उद्या सकाळी तो सुरू करताना खोलीतला छताचा पंखा बंद ठेवा आणि पहिली पाच मिनिटे फक्त ऐका. घरघर ऐकू आली, तर मे महिना उजाडायच्या आत तो पंखा बदलून घ्या.